सावलीतल्या खुणा आणि त्यांची कारणे

छातीच्या एक्स-रेवर हृदयाची कड स्पष्ट दिसते, ती शेजारच्या फुप्फुसात हवा भरलेली असते म्हणून. हृदयाचा स्नायू, रक्त, पाणी, पू यांच्यात क्ष-किरण जवळजवळ काहीच फरक करत नाहीत; हे सगळे फिल्मवर सारख्याच पांढुरक्या छटेत उमटते. हवा काळी दिसते, चरबी थोडी गडद, हाड पांढरेशुभ्र. दोन वेगळ्या घनतेच्या गोष्टी एकमेकींना टेकलेल्या असतील तरच त्यांच्यामध्ये रेघ दिसते. न्यूमोनियात उजव्या फुप्फुसाचा मधला खंड हवेऐवजी पूने भरला, की त्याला टेकलेली हृदयाची उजवी कड फिल्मवरून पुसली जाते. हृदयाला काहीही झालेले नसते. तेच खालचा खंड भरला, तर हृदयाची कड शाबूत राहते आणि श्वासपटलाची रेघ नाहीशी होते. हातात असते एक सपाट चित्र. पण कोणती रेघ हरवली आहे एवढ्यावरून आजार छातीत नेमका कुठे बसला आहे, पुढे की मागे, हे सांगता येते. अमेरिकेतील सिनसिनाटीचे रेडिऑलॉजिस्ट बेंजामिन फेल्सन यांनी १९५० मध्ये या निरीक्षणाला ‘सिल्हूट साइन’ या नावाने प्रसिद्धी दिली. आजही जगभरच्या वैद्यकीय विद्यार्थ्यांना एक्स-रे वाचायला शिकवताना सुरुवातीलाच ही खूण शिकवतात.

रंटगेनने १८९५ मध्ये क्ष-किरण शोधले, त्यानंतरच्या सव्वाशे वर्षांत अशा नाव असलेल्या खुणा शेकड्यांनी जमा झाल्या. बेरियम पाजून किंवा गुदमार्गे देऊन केलेल्या तपासण्यांत मोठ्या आतड्याचा कर्करोग खाऊन उरलेल्या सफरचंदाच्या गाभ्यासारखा दिसतो. अन्ननलिकेचे खालचे तोंड सैल पडत नसेल, तर ती पक्ष्याच्या चोचीसारखी निमुळती होते. लहान आतड्याची सुरुवातच जन्मतः बंद असलेल्या बाळाच्या पोटात हवेचे दोन फुगे दिसतात. मणक्यांचे सांधे गोठवणाऱ्या अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिसमध्ये पाठीचा कणा बांबूसारखा होतो. आजाराला असा चेहरा मिळाला की तो लक्षात राहतो, म्हणून ही नावे टिकली, आणि टिकली हे चांगलेच झाले. पण रिपोर्टात अशा खुणेचे नाव आले की रुग्णाचे नातेवाईक, आणि कधी कधी डॉक्टरही, ते नाव म्हणजेच निदान असे धरून चालतात. इथे थांबून विचार करायला हवा. खूण किती भरवशाची, हे ती कशासारखी दिसते यावर ठरत नाही. ती तशी का दिसते, हे आपल्याला किती नेमके ठाऊक आहे, यावर ते ठरते.

या नावांवर एक जुना आक्षेप आहे: ती परक्या मुलखातली आहेत. क्रूप झालेल्या मुलाची श्वासनलिका चर्चच्या टोकदार मनोऱ्यासारखी, मेंदूच्या एका दुर्मीळ आजारातली खूण ईस्टरला खातात त्या क्रूस काढलेल्या पावासारखी. आक्षेप खरा असला तरी त्यात फारसे वजन नाही. लातूरच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकणाऱ्या मुलीने स्कॉटिश टेरियर जातीचा कुत्रा कधी पाहिलेला नसतो. तरी कमरेच्या तिरक्या एक्स-रेत त्या कुत्र्याच्या गळ्यातला पट्टा तिला शोधता येतो. तो पट्टा म्हणजे मणक्याच्या मागच्या कमानीला गेलेली चीर, हे तिला माहीत असते. कारण समजले की उपमेची गरज संपते.

कारण समजण्याचा फायदा किती, हे पाहायला एकाच नियमातून निघालेल्या दोन खुणा पुरेशा आहेत. आतड्याच्या आत हवा असते, बाहेर नसते. म्हणून पोटाच्या एक्स-रेवर आतड्याच्या भिंतीची फक्त आतली बाजू दिसते. व्रण फुटून आतड्याला किंवा जठराला भोक पडले, की हवा बाहेर पोटाच्या पोकळीत पसरते आणि भिंतीच्या दोन्ही बाजू एकदम दिसू लागतात. लिओ रिग्लर यांनी १९४१ मध्ये ही खूण वर्णन केली. फेल्सनच्या खुणेत हवा गेल्याने रेघ हरवते, रिग्लरच्या खुणेत नको तिथे हवा आल्याने नवी रेघ उगवते. नियम तोच. आडवा झोपलेला, उठून उभे राहण्याची ताकद नसलेला रुग्ण असतो तेव्हा या खुणेचे मोल फार. कारण पोटात फुटलेल्या आतड्यावर उपचार बहुतेक वेळा शस्त्रक्रियेचाच असतो आणि तिथे तास मोजले जातात.

आपल्या देशाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची खूण त्याहूनही जुनी आहे. १९२५ मध्ये अमेरिकी रेडिऑलॉजिस्ट रॉस गोल्डन यांनी श्वासनलिकेच्या कर्करोगाच्या एक्स-रेंवर लिहिताना उजव्या फुप्फुसाच्या वरच्या खंडाची एक विशिष्ट वळणाची कड दाखवली. गाठ त्या खंडाकडे जाणारी श्वासनलिका बुजवते. पुढे हवा जाणे बंद होते, अडकलेली हवा रक्तात शोषली जाते आणि खंड आक्रसतो. आक्रसताना तो आपल्या खालची सीमारेषा वर ओढून घेतो, त्यामुळे रेषेचा बाहेरचा भाग वर उचलला जाऊन खोलगट होतो. आतल्या बाजूला मात्र गाठच बसलेली असते, ती आक्रसू शकत नाही. तिथे रेषा खाली फुगते. दोन्ही मिळून उलटा इंग्रजी ‘एस’ तयार होतो. भारतात फुप्फुसाच्या वरच्या भागातली पांढरी छाया पाहिली की मनात आधी क्षय येतो, आणि जगातील क्षयरुग्णांपैकी सुमारे एक चतुर्थांश ज्या देशात आहेत तिथे ते येणे साहजिक आहे. पण फुप्फुसाच्या कर्करोगाचे रुग्ण निदानाआधी काही काळ क्षयाच्या औषधांवर होते, अशा नोंदी भारतीय रुग्णालयांच्या अभ्यासांत वारंवार सापडतात. त्या छायेच्या खालच्या कडेला आत फुगवटा आहे का, एवढे पाहणारा डोळा त्या रुग्णाचे काही महिने वाचवू शकतो. आणि हाच डोळा कारण जाणत असेल, तर घाईने कर्करोग असेही लिहिणार नाही. कारण श्वासनलिकेवर बाहेरून दाबणाऱ्या मोठ्या लसिकाग्रंथीही असेच वळण घडवू शकतात. खूण सांगते ते एवढेच की मुळाशी काहीतरी घट्ट बसले आहे. ते काय, हे दुर्बीण घालून तुकडा काढल्यावर कळते.

यावर अनुभवी रेडिऑलॉजिस्ट म्हणतील की प्रत्यक्षात असे कारण जुळवत कोणी बसत नाही. नजर टाकताक्षणीच आजार ओळखू येतो. त्यांच्याकडे यासाठी एक शब्दच आहे, ‘आंट मिनी’: गर्दीत पाठमोरी मावशी दिसली तरी ती मावशीच, हे कसे कळले ते सांगता येत नाही. या म्हणण्याला पुरावाही आहे. हॅरोल्ड कुंडेल आणि कॅल्विन नोडाइन यांनी १९७५ मध्ये दहा रेडिऑलॉजिस्टना छातीचे एक्स-रे फक्त ०.२ सेकंद दाखवले. एवढ्या वेळात डोळा हलवून शोध घेणे शक्यच नसते. तरीही आजार असलेल्या फिल्म्सपैकी ७० टक्के त्यांनी बरोबर पकडल्या. ही थक्क करणारी गोष्ट आहे आणि ती नाकारण्याचे कारण नाही. पण त्याच प्रयोगात हवा तेवढा वेळ दिल्यावर आकडा ९७ टक्क्यांवर गेला. पहिल्या नजरेने जे निसटले त्यातले बहुतेक सावकाश पाहण्याने सापडले. सुटलेल्या त्या रुग्णांच्या जागी स्वतःला ठेवून पाहिले, की नुसत्या ओळखीवर विसंबणे परवडणारे नाही हे पटते.

ओळखीचा दुसरा धोका अधिक खोल आहे. जे शोधायचे ते मनात ठरलेले असले, की डोळ्यासमोरचे दुसरे काही दिसत नाही. २०१३ मध्ये बोस्टनच्या संशोधकांनी फुप्फुसाच्या सीटी स्कॅनमध्ये गोरिलाचे एक चित्र मिसळले आणि २४ रेडिऑलॉजिस्टना त्या स्कॅनमधल्या बारीक गाठी शोधायला सांगितले. चित्र सरासरी गाठीच्या ४८ पट मोठे होते. २४ पैकी २० जणांनी ते पाहिले नाही, आणि त्यातल्या बहुतेकांची नजर नेमकी त्या जागेवरून गेली होती, हे डोळ्यांच्या हालचाली टिपणाऱ्या यंत्राने दाखवले. यात डॉक्टरांची टवाळी करण्यासारखे काही नाही. माणसाचे लक्ष असेच चालते. याला जोडून आणखी एक सवय नोंदवली गेली आहे: एक खूण सापडली की शोध तिथेच संपतो आणि दुसरी खूण नजरेतून सुटते. बरगडी मोडलेली दिसली, आणि तिच्यामागची गाठ राहून गेली. पद्धतशीर वाचन, म्हणजे श्वासनलिका, हृदय, फुप्फुसांची मुळे, हाडे, श्वासपटल, कोपरे असे ठरलेल्या क्रमाने प्रत्येक वेळी पाहणे, हे नवशिक्यांपुरते शिस्तीचे काम समजले जाते. माझ्या मते अनुभवी माणसालाच त्याची गरज जास्त आहे, कारण त्याची पहिली ओळख अधिक चटकन होते.

खुणेचा अर्थ कायमचा ठरलेला नसतो, हेही लक्षात घ्यायला हवे. फुप्फुसात ओबडधोबड फरशी बसवल्यासारखे दिसणारे ‘क्रेझी पेव्हिंग’ १९८९ मध्ये वर्णन झाले तेव्हा ते एका दुर्मीळ आजाराचे, फुप्फुसाच्या वायुकोशांत प्रथिनयुक्त द्रव साचण्याचे, खास लक्षण वाटले होते. पुढच्या वर्षांत तेच चित्र संसर्गात, रक्तस्रावात, फुप्फुसात पाणी भरण्यात सापडत गेले, आणि २०२० मध्ये कोविडच्या हजारो रुग्णांत दिसले. कारण उघड आहे: वायुकोश अर्धवट भरलेले आणि त्यांच्यामधल्या भिंती जाड झालेल्या, एवढ्या दोन गोष्टी एकत्र आल्या की ते चित्र तयार होते, मग कोश कशानेही भरोत. सीटी स्कॅनवर दिसणाऱ्या ‘ट्री-इन-बड’ या खुणेचेही तसेच. फुप्फुसातल्या सर्वांत बारीक श्वासनलिका एरवी दिसत नाहीत; त्या पूने किंवा चिकट द्रवाने भरल्या की फांदीवर कळ्या धरल्यासारख्या उठून दिसतात. हे चित्र क्षयात ठळकपणे दिसते, पण इतर जिवाणूंच्या संसर्गात किंवा अन्नाचे कण श्वासात गेल्यावरही दिसू शकते. धुळ्याच्या किंवा धारावीच्या रुग्णात ते दिसले तर क्षयाची शक्यता जास्त. क्षय जवळजवळ नाहीसा झालेल्या देशात तीच खूण वेगळा विचार करायला लावते. खूण तीच राहिली, पण ती कोणाच्या छातीत आहे यावर तिचे वजन बदलले.

या सगळ्यात मला सर्वांत बोलका वाटतो तो आपल्याच देशातला एक प्रसंग. १९८० च्या दशकात भारतात सीटी स्कॅन यंत्रे पसरू लागली आणि फिट आलेल्या रुग्णांच्या मेंदूत एक छोटी, औषध टोचल्यावर चमकणारी चकती किंवा कडी वारंवार दिसू लागली. क्षयाचा देश म्हटल्यावर ती मेंदूतली क्षयाची गाठ आहे असे बहुतेकांनी धरले. कित्येक महिने क्षयाची औषधे दिली जात. नंतरच्या स्कॅनमध्ये ती चकती गेलेली असे, म्हणजे औषध लागू पडले, म्हणजे निदान बरोबर. तर्क बिनचूक वाटतो. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधील मेंदूशल्यचिकित्सक मॅथ्यू चांडी, वेदांतम राजशेखर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा गाठी काढून सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्या. त्यांत क्षयाऐवजी बहुतांशी पट्टकृमीच्या मरत चाललेल्या अळीचे अवशेष निघाले. हे निष्कर्ष १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात आले. पट्टकृमीची अंडी माणसाच्या विष्ठेतून पाण्यात, मातीत, न धुतलेल्या भाजीवर येतात, म्हणून शुद्ध शाकाहारी माणसालाही हा आजार होतो. अळी मेली की शरीर ती गिळून टाकते आणि चकती आपोआप विरते. औषध दिले काय, न दिले काय, बहुतेक वेळा ती जाणारच होती. बरे होण्यालाच पुरावा मानल्यामुळे चूक इतके दिवस टिकली होती.

वेल्लोरच्या गटाने पुढे जे केले ते अधिक मोलाचे आहे. त्यांनी खूण फेकून दिली नाही, तिच्याभोवती अटी बांधल्या. गाठ एकच हवी, २० मिलिमीटरहून मोठी नको, भोवतालच्या सुजेने मेंदूचा मध्य सरकलेला नको. आणि रुग्णाकडेही पाहायचे: मेंदूतला दाब सतत वाढलेला नको, लकव्यासारखी कमजोरी वाढत जाणारी नको, शरीरात अन्यत्र चालू आजार नको. या अटी पुढच्या रुग्णांवर तपासून पाहिल्या गेल्या आणि टिकल्या. त्यामुळे अनेकांची मेंदूची शस्त्रक्रियाही टळली आणि क्षयाचे लांबलचक औषधही. चित्रातली खूण, तिच्यामागचा सूक्ष्मदर्शकाखालचा पुरावा आणि समोरचा माणूस, ही तिन्ही एकत्र आली तेव्हा कुठे त्या चकतीला अर्थ मिळाला.

काही खुणा स्वतःच निदान असतात, हे मान्य केले पाहिजे. मेंदूतल्या त्याच पट्टकृमीच्या पुटकुळीत मध्यभागी एक ठिपका दिसला, तर तो अळीचे डोके असते, आणि आंतरराष्ट्रीय निकषांत एवढ्यावरच निदान पक्के मानले जाते. पण तिथे आपण आजाराचा परिणाम पाहत नसून आजार घडवणारा जीवच पाहत असतो. अशा खुणा थोड्या आहेत. बाकीच्या बहुतेक खुणा शरीराने आजाराला दिलेल्या उत्तराच्या असतात, आणि शरीराकडे उत्तरे मोजकीच आहेत: सूज, पाणी, आक्रसणे, कॅल्शियम साचणे, पेशी मरणे.

मग डोळ्यावर विसंबण्यापेक्षा आकडे का वापरू नयेत, असे कोणी विचारेल. महाराष्ट्राने याचा अनुभव घेतला आहे. २०२० आणि २०२१ मध्ये घराघरांत एकच प्रश्न होता, स्कोअर किती आला? फुप्फुसाच्या पाच खंडांना प्रत्येकी पाचपर्यंत गुण देऊन २५ पैकी काढलेला तो आकडा फुप्फुस किती व्यापले आहे हे सांगत होता. कशाने व्यापले आहे, हे सांगणे त्या आकड्याचे कामच नव्हते. त्यासाठी ‘को-रॅड्स’ ही वेगळी श्रेणी होती. आजाराच्या पहिल्या एक-दोन दिवसांत स्कॅन अगदी स्वच्छ येऊ शकतो, आणि तो स्वच्छ आला म्हणून कोविड नाही असे म्हणता येत नव्हते. मोजमाप उपयोगाचे आहे, दोन स्कॅनची तुलना त्याशिवाय होत नाही. पण कारण न विचारता मोजलेला आकडा खुणेच्या नावापेक्षा जास्त फसवतो, कारण तो नेमका वाटतो.

आता ही सारी चर्चा जुनी झाली, संगणकच फिल्म वाचेल, असेही म्हटले जाते. यंत्राचे श्रेय यंत्राला द्यायला हवे. छातीच्या एक्स-रेवरून क्षयाचा संशय ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरला जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये १५ वर्षे आणि त्यावरच्या लोकांच्या तपासणीसाठी मान्यता दिली. मुंबईच्या क्युअर डॉट एआय कंपनीचे असे सॉफ्टवेअर अनेक देशांत वापरात आहे. जिथे रेडिऑलॉजिस्टच नाही त्या तालुक्याच्या गावी हे वरदान आहे, आणि त्याला विरोध करणे रुग्णांवर अन्याय ठरेल. पण यंत्रालाही कारणाची गरज असते, हे याच काळातल्या संशोधनाने दाखवून दिले. २०१८ मध्ये अमेरिकेत न्यूमोनिया ओळखायला शिकवलेले एक मॉडेल फिल्म कोणत्या रुग्णालयातली आहे हे ओळखून शक्यता ठरवत असल्याचे आढळले. दुसऱ्या रुग्णालयात नेल्यावर त्याची अचूकता घसरली. २०२१ मध्ये कोविड ओळखणारी मॉडेल्स तपासली, तेव्हा ती फुप्फुसाइतकीच फिल्मच्या कोपऱ्यातल्या डाव्या-उजव्याच्या अक्षरांकडेही पाहत होती. यंत्रानेही खूणच शोधली होती, पण आजाराशी संबंध नसलेली. म्हणून क्षयाच्या त्या शिफारशीतही यंत्राचा ‘हो’ हा शेवट नाही. पुढे थुंकीची तपासणी आहेच.

वाचकांना एवढीच विनंती आहे की एक्स-रे किंवा स्कॅन करायला जाताना जुन्या फिल्म्स आणि सीडी बरोबर न्या, कारण आज दिसणारी छाया तीन वर्षांपूर्वीही तशीच होती का, याचे उत्तर कोणतीही खूण एकटी देऊ शकत नाही. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर नुसते ‘छातीचा एक्स-रे’ असे न राहता ताप किती दिवस आहे, वजन किती उतरले, घरात कोणाला क्षय होता, तंबाखू-विडीची सवय आहे का, हे लिहून घ्या. आणि रिपोर्टमध्ये एखाद्या खुणेचे नाव वाचले तर इंटरनेटवर त्याचा अर्थ शोधण्याआधी आपल्या डॉक्टरांना विचारा, की हे आणखी कोणत्या आजारांत दिसते आणि माझ्या बाबतीत ते कसे पक्के करणार.